दोन जावा आणि लाल कोळी

थोरली मला कधीच आवडली नाही. तिलाही मी आवडत नव्हते, त्यामुळे आमचं बरं जमायचं. मी शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या शेडमध्ये काकड्यांच्या प्रतवारीला होते. ती क्रेट आणून टेबलावर आदळायची, आणि मी एखादी वाकडी काकडी बाजूला काढली की अशी बघायची, जणू मी तिच्या पोरीत खोट काढली. तरी तिची गोष्ट सांगायची तर ती मलाच सांगावी लागेल. त्या सगळ्या भांडणात दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारी आणि दोन्हीकडच्या शिव्या खाणारी मीच होते.

थोरली म्हणजे दोन जावांमधली मोठी. सगळी वस्ती त्या दोघींना थोरली आणि धाकटीच म्हणायची. त्यांच्या सासऱ्यांनी वस्तीच्या कडेला पॉलीहाऊस उभं केलं होतं. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर पांढरं प्लास्टिक, आत सुतळीवर चढवलेले काकडीचे वेल. एका टोकाच्या भिंतीला पाण्यानं ओले राहणारे पॅड, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे. पंखे चालू केले की बाहेरची हवा ओल्या पॅडमधून गार होऊन आत यायची, वेलांवरून वाहायची आणि पंख्यांतून निघून जायची. सासरे होते तोवर सगळं एकत्र होतं. एक चूल नव्हती, पण एक पंप होता, एक फवारणी होती आणि भांडायला एकच जागा होती.

फवारणी थोरलीचा नवरा करायचा. वर्षानुवर्षं त्यानं ते काम केलं, हातमोजे न घालता, कारण मोज्यात हात घामेजतात आणि पंपाची दांडी निसटते. शेवटी त्याच्या हातांची कातडीच गेली. आधी फोड आले, मग भेगा पडल्या, मग बोटं मिटेनात. डॉक्टरांनी सांगितलं की आता औषध लावायचं ते मलमाचं, फवारायचं नाही. त्याचा वाससुद्धा नको. तेव्हा सासरे नुकतेच गेले होते. मग फवारायचं कुणी, यावरून कुरबुर सुरू झाली. धाकटीचा नवरा एकटा सगळं फवारायला तयार नव्हता. कुरबुरीचं भांडण झालं आणि भांडणाची वाटणी झाली.

वाटणीला दोघा भावांचे मामा आले होते. मामांनी सगळ्यांचं ऐकलं आणि निम्मं-निम्मं सांगितलं. त्यावर धाकटी सरळ म्हणाली, "हात गेलेल्या माणसाला निम्मा वाटा कशाला? कसणार कोण?"

थोरलीचा नवरा तिथंच बसला होता. त्यानं फक्त हात मांडीखाली घेतले. हे मला थोरलीनं नाही सांगितलं, मामांनी सांगितलं. थोरली त्या वाक्याविषयी कधी बोललीच नाही. पण त्या दिवसापासून ती जे काही करत गेली, ते सगळं त्या एका वाक्याला उत्तर होतं, असं मला वाटतं.

वाटणी झाली ती अशी: पॉलीहाऊसच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा टांगला. पॅडकडची बाजू धाकटीला, पंख्यांकडची थोरलीला. हवा खेळायला हवी म्हणून पडदा खाली हातभर आणि वर छताशीही मोकळा सोडला. छताला फॉगरच्या नळ्या होत्या, बारीक धुक्यासारखं पाणी सोडणाऱ्या. त्या दोन्हीकडे गेल्या होत्या, पण त्यांचा पंप धाकटीकडे राहिला. आणि वारा नेहमी धाकटीकडून थोरलीकडे वाहायचा. धाकटीनं काहीही फवारलं की त्याचा वास आधी थोरलीच्या नाकात जायचा. आधी ती थोरलीला ताई म्हणायची. वाटणीनंतर जाऊबाई म्हणायला लागली. शब्द मानाचा, पण ती तो असा म्हणायची की ऐकणाऱ्याला चावल्यासारखं व्हावं.

काकडीचा सगळ्यात वाईट वैरी म्हणजे लाल कोळी. घरात जाळं विणतो तो कोळी वेगळा. हा टाचणीच्या टोकाहूनही लहान असतो. पानाच्या खालच्या अंगाला बसतो आणि रस पितो. पानावर आधी पिवळे ठिपके येतात, मग पान करपल्यासारखं होतं, मग बारीक जाळी धरते आणि वेल संपतो. ऊन तापलं की तो इतक्या झपाट्यानं वाढतो की आज पाहिलेलं पान उद्या ओळखू येत नाही. त्यावर सगळे औषधं मारतात. काही दिवस तो मरतो, मग मरेनासा होतो. मग माणूस आणखी कडक औषध आणतो.

थोरलीच्या घरात तर फवारणीच बंद होती. म्हणून तिनं बाटलीवाल्याला बोलावलं. हा माणूस दूरच्या एका प्रयोगशाळेतून थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवलेल्या बाटल्या घेऊन यायचा. बाटलीत भुशासारखं काहीतरी असायचं आणि त्यात पळणारे केशरी ठिपके. तेही कोळीच, पण पान न खाणारे. ते लाल कोळ्यांना आणि त्यांच्या अंड्यांना खातात. बाटलीवाला त्यांना शिकारी म्हणायचा. थोरलीनं बाटली घेतली, भुसा पानापानावर शिंपडला आणि वाट पाहत बसली.

शिकारी मेले. पानांवर आधीच्या फवारणीचं विष अजून शिल्लक होतं.

पुढच्या पिकाला तिनं पुन्हा बाटल्या आणल्या, पण उशिरा. तोवर वेलांवर जाळी धरली होती. मूठभर शिकारी लाखोंच्या पंगतीला काय पुरणार? वेल वाळले. पडद्यापलीकडून धाकटी आपल्या नवऱ्याला म्हणाली, मुद्दाम मोठ्यानं, की जाऊबाईंचे पाहुणे जेवायला आले आणि त्यांचंच जेवण झालं. शेडमध्ये तो विनोद आठवडाभर चालला. मीही हसले. थोरलीनं मला हसताना पाहिलं आणि त्या दिवशी तिनं क्रेट इतक्या जोरानं आदळला की तळाची काकडी फुटली.

दुसरी कुणी असती तर सोडून दिलं असतं. थोरली हट्टाला पेटली. तिनं एक भिंग आणलं, सुतळीला बांधून गळ्यात अडकवलं आणि दिवसभर पानं उलटत फिरायला लागली. बाटलीवाला आला की त्याला दोन-दोन तास सोडायची नाही, आणि त्याचं पटलं नाही तर भांडायची. त्यानं तिला एक गोष्ट सांगितली जी तिला आधी अजिबात पटली नाही: लाल कोळी सगळे मारायचे नाहीत. थोडे राहू द्यायचे. ते संपले तर शिकारी उपाशी मरतात, आणि मग पुढच्या लाल कोळ्यांना रान मोकळं. थोरली म्हणाली, म्हणजे घरात वाघ बांधायचा आणि त्याच्यासाठी शेळ्या पण पाळायच्या? बाटलीवाला म्हणाला, हो, तसंच.

तिसऱ्या पिकाला तिनं वेल लहान असतानाच शिकारी सोडले. ज्या पानांवर लाल कोळी दिसले ती पानं ती तोडू देईना. मजूर बायकांनी सवयीनं डागाळलेली पानं काढली की ती अंगावर धावून जायची. एकीला तिनं त्यावरून कामावरून काढलं. ती बाई दुसऱ्या दिवशी धाकटीकडे कामाला लागली आणि वस्तीभर सांगत सुटली की थोरली किडे पाळते.

पण त्या वर्षी थोरलीचे वेल हिरवे राहिले. पडद्याच्या एका बाजूला धाकटी पहाटे, पंखे बंद असताना, आठवड्याला औषध बदलून फवारत होती आणि तिची पानं पिवळी पडत होती. दुसऱ्या बाजूला थोरली गळ्यात भिंग घालून हिंडत होती आणि तिच्या काकड्या सरळ, गडद, एकसारख्या येत होत्या. मी त्यात खोट काढायचा प्रयत्न केला. सापडली नाही.

तिनं ते गोडीनं घेतलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण तिनं क्रेट माझ्या टेबलावर ठेवला आणि शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हात गेलेल्या माणसाच्या घरच्या काकड्या आहेत. नीट बघून घ्या."

धाकटी दोन टेबलं पलीकडे उभी होती.

पुढच्याच आठवड्यात धाकटीनं सोसायटीच्या चेअरमनकडे तक्रार केली. जाऊबाई मुद्दाम किडे वाढवतात आणि ते पडद्याखालून माझ्याकडे येतात, असं तिचं म्हणणं. चेअरमन म्हणजे संथ, जाडजूड माणूस. बोलायच्या आधी नेहमी चष्मा पुसायचा. तो पाहायला गेला. थोरलीनं त्याच्या डोळ्याला भिंग लावलं आणि पान उलटून दिलं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "किडे तर आहेत." थोरलीनं यातले केशरी कोणते, लाल कोणते, कोण कुणाला खातो हे सगळं सांगितलं, पण निम्म्यातच तिचा तोल गेला आणि तिनं त्याला आंधळा म्हटलं. चेअरमननं चष्मा पुसला. तिचे क्रेट शेडमध्ये वेगळे, दाराबाहेर ठेवायचे, असा हुकूम निघाला.

मग वस्तीनंही आपले हात धुऊन घेतले. कुणी तिला आपल्या पॉलीहाऊसच्या आत येऊ देईना. एकानं तिला दारातच थांबवलं आणि म्हणाला, तिथूनच बोला, आणि आधी पदर झटका. खताच्या दुकानदारानं तिच्याशी बोलताना गल्ल्यामागून दोन पावलं मागं सरकून घेतलं. तिचा नवरा बाहेर पडायचाच बंद झाला. ती मात्र रोज त्याच रस्त्यानं, ताठ मानेनं जायची आणि ज्यानं तोंड फिरवलं त्याला मुद्दाम हाक मारून विचारायची, काय, बरे आहात ना?

पुढच्या वर्षी काकडीवर भुरी आली. पानांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी असते ती. भुरीवर लोक गंधकाची भुकटी धुरळतात. धाकटीही धुरळायची, पण नेहमी पहाटे, पंखे बंद असताना, म्हणजे भुकटी वेलांवर बसते. त्या दिवशी तिनं भर दुपारी धुरळली, पंखे चालू असताना. पंख्यांचं बटण दारापाशी, दोघींचं सामाईक होतं. ते कुणी चालू केलं हे अजूनही ठरलेलं नाही. थोरली जेवून आली तेव्हा पडद्याखालून पिवळा लोट येत होता आणि तिच्या सगळ्या वेलांवर पिवळी पूड बसली होती. गंधक शिकाऱ्यांना सहन होत नाही. दोन दिवसांत तिला भिंगाखाली हलणारं केशरी काही दिसेना.

ती धाकटीला जाब विचारायला गेली नाही. ते मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. तिचा नवरा म्हणाला, तू बोलत का नाहीस? ती म्हणाली, बोलून झालं.

तिनं काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. शिकारी गेल्यावर तिच्या वेलांवरचे राखून ठेवलेले लाल कोळी मोकाट वाढायला लागले होते. तिनं त्यातली सगळ्यात भरलेली, जाळी धरलेली पानं खुडली, पाटीत गोळा केली, आणि धाकटी शेडमध्ये माल द्यायला गेलेली असताना स्टुलावर चढून पडद्यावरून पलीकडे फेकली. एकदा नाही, दोन-तीनदा. पानं धाकटीच्या कोवळ्या वेलांवर पडली. वस्ती तिला किडे पाळणारी म्हणत होती. आता ती खरोखर तेच करत होती.

धाकटीकडे लाल कोळ्यांनी कहर केला. तिनं होती नव्हती ती सगळी औषधं मारली. काही उपयोग झाला नाही. त्या किड्यांनी तिची सगळी औषधं आधीच पचवली होती. शेवटी तिच्या नवऱ्यानं वैतागून सगळे वेल मुळासकट उपटले आणि पडद्याजवळ ढीग घातला. वाळले की पेटवू म्हणाला.

इथं थोरली चुकली. इतकी वर्षं भिंगातून बघूनही तिच्या डोक्यात हे आलं नाही. वेल वाळायला लागले की लाल कोळी त्यावर बसून राहत नाहीत. ते टोकाला चढतात, बारीक धागा सोडतात आणि वारा नेईल तिकडे जातात. आणि त्या पॉलीहाऊसमध्ये वारा एकाच दिशेला वाहायचा. तिनं पडद्यापलीकडे पाटीभर पाठवले होते; धाकटीच्या ढिगातून ते पोतंभर होऊन परत आले. एका सकाळी थोरली आत गेली तर वेलांच्या शेंड्यांवर लाल गोळे लोंबत होते, आणि ते गोळे हलत होते.

तिनं बाटलीवाल्याला फोन केला. त्यानं सांगितलं की प्रयोगशाळेत शिकाऱ्यांची पैदासच बसली आहे, महिनाभर तरी एकही बाटली मिळायची नाही. पण त्याच्याकडे एक दुसरी गोष्ट होती. किड्यांना मारणारी बुरशी. पांढरट भुकटी, पाण्यात कालवून फवारायची. माणसाला अपाय नाही, थोरलीच्या नवऱ्याच्या हातांनाही नाही. बुरशीचे कण किड्याच्या अंगाला चिकटतात, तिथं रुजतात, आत शिरतात आणि किडा आतून खाऊन टाकतात. फक्त रुजायला तिला ओल लागते. संध्याकाळी फवारायचं, पंखे बंद ठेवायचे, आणि पुढं कितीतरी वेळ हवा धुक्यासारखी दमट राहिली पाहिजे. असं रोज, निदान आठवडाभर. आणि त्या काळात गंधक किंवा कुठलंही बुरशीनाशक जवळपास नको, नाहीतर तीही मरेल.

धुकं फॉगरनं करता आलं असतं. फॉगरचा पंप धाकटीकडे होता.

वाटणीनंतर थोरली धाकटीच्या अंगणात गेली नव्हती. त्या दिवशी गेली. धाकटी रिकामे क्रेट घासत बसली होती. पुढचं मला दोघींनीही वेगवेगळं सांगितलं, आणि नवल म्हणजे दोघींचं सांगणं एकसारखं निघालं.

"पंप हवाय," थोरली म्हणाली. "संध्याकाळचा. आठवडाभर."

धाकटीनं मान वर केली नाही. "माझ्याकडं एवढे किडे कुठून आले, ते आधी सांगा."

"वाऱ्यानं आले असतील."

"वारा माझ्याकडून तुमच्याकडं जातो, जाऊबाई. तुमच्याकडून माझ्याकडं येत नाही."

धाकटीनं एक क्रेट धुऊन पालथा घातला आणि दुसरा घेतला. तिला घाई नव्हती. तिचे वेल तर गेलेच होते.

शेवटी थोरली म्हणाली, "मी टाकले. भरलेली पानं टाकली, पडद्यावरून."

"हे सोसायटीत सांगायचं. चेअरमनसमोर, सगळ्यांसमोर. मग पंप."

"आणि गंधकाचं तू सांगशील?"

"कुठल्या गंधकाचं?" धाकटी म्हणाली आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

थोरली तशीच वळून घरी आली. दिवसभर तिनं काही खाल्लं नाही. नवऱ्याला तिनं तेव्हाच सांगितलं, आणि तो तिच्यावर पहिल्यांदा चिडला. म्हणाला, टाकलेस ते टाकलेस, पण मला विचारायचं होतंस. माझ्या हातांच्या नावानं जे जे केलंस त्यातलं काय मी मागितलं होतं? तो नको म्हणाला. वेल गेले तर जाऊ देत, पण तू सभेत उभी राहू नकोस. ती म्हणाली, वेल जाऊ द्यायचे असते तर मी तिच्या दारात कशाला गेले असते?

सभा शेडमध्येच असायची, आम्ही टेबलं बाजूला सरकवायचो. चेअरमननं नेहमीचे विषय संपवले आणि कुणाला काही बोलायचंय का म्हणून विचारलं. थोरली उठली. तिनं तीन-चार वाक्यांत सांगितलं. रडली नाही, हात जोडले नाहीत, माफी हा शब्द उच्चारला नाही. मी पानं टाकली, धाकटीचं पीक माझ्यामुळं गेलं, एवढंच. मग ती खाली बसली नाही, कुणी काय म्हणतंय ते ऐकायला उभीच राहिली.

लोक बोलायला लागले ते तासभर बोलतच होते. तिला सोसायटीतून काढा, एक म्हणाला. ज्यानं तिला दारात पदर झटकायला लावला होता तो म्हणाला, मी आधीच सांगितलं होतं. ज्यांचे स्वतःचे किडे स्वतःच्याच औषधांनी माजलेले, त्यांनीसुद्धा आपापलं सगळं नुकसान त्या दिवशी तिच्या पदरात घातलं. ती फक्त एकदाच बोलली, एकाला म्हणाली, तुझ्याकडं यायला माझ्या किड्यांना बस पकडावी लागेल. कुणी हसलं नाही. धाकटी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. कुणीतरी थोरलीच्या नवऱ्याच्या हातांवरून काहीतरी बोललं, की फवारायला जमत नाही म्हणून ही असली थेरं. तेव्हा धाकटीच पुढं आली आणि म्हणाली, "त्यांच्या हातांचं कुणी काढायचं नाही." एकेकाळी ते तिनंच काढलं होतं. पण ती ते बोलली आणि बाहेर निघून गेली.

चेअरमननं निकाल दिला. थोरलीचा माल त्या पिकापुरता सोसायटी घेणार नाही. माझ्या मते ते फार झालं नाही.

त्याच संध्याकाळी फॉगर चालू झाले. धाकटीनं पंपाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. रोज संध्याकाळी ती स्वतः येऊन चालू करायची आणि स्वतः बंद करायची. पडद्याच्या अलीकडे थोरली पाठीवर पंप घेऊन पानाच्या खालून खालून बुरशीचं पाणी फवारायची. धुक्यात दोघी एकमेकींना दिसत नसत. धाकटीनं पंप बंद केला आणि थोरलीला ओल कमी वाटली तर ती पडद्याकडे तोंड करून ओरडायची, "अजून." पलीकडे पंप पुन्हा सुरू व्हायचा.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. बुरशी औषधासारखी घाईत मारत नाही. वेलांची खालची पानं गळत गेली, एका कोपऱ्यातल्या ओळीच्या ओळी संपल्या. थोरलीला वाटलं, सभेत उभी राहिले तेही फुकट गेलं. मग एका सकाळी तिला भिंगातून न हलणारे लाल कोळी दिसले. पाय आखडून जागच्या जागी चिकटलेले, आणि काहींच्या अंगावर कापसासारखं पांढरं फुललेलं. तिनं ते पान खुडलं आणि नवऱ्याला दाखवायला घरी नेलं. त्याला बोटांत भिंग धरता येईना, म्हणून तिनं धरलं. तो म्हणाला, हे भुरीसारखं दिसतंय. ती म्हणाली, भुरीच आहे, पण त्यांची.

निम्मे वेल वाचले. महिन्यानं शिकाऱ्यांच्या बाटल्या आल्या आणि बुरशीतून सुटलेले लाल कोळी त्यांनी आटोक्यात ठेवले. माल सोसायटी घेत नव्हती म्हणून थोरली रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसली. घेणारे फार नव्हते. तिच्या बऱ्याच काकड्या त्या वर्षी जनावरांनी खाल्ल्या. मी दोनदा घेतल्या, आणि दोन्ही वेळा तिनं मला वाकडी काकडी मुद्दाम वर ठेवून दिली.

पुढच्या पिकाला धाकटीनं पुन्हा वेल लावले. तिचा नवरा नवीन औषधाचा डबा घेऊन आला तेव्हा तिनं तो परत पाठवला आणि बाटलीवाल्याला बोलावलं. मात्र जाऊबाई तिथं असतील त्या वेळी यायचं नाही, अशी तिची अट. थोरलीचीही तीच अट होती. त्यामुळे तो बिचारा एकाच पॉलीहाऊसला सकाळी एकदा आणि दुपारी एकदा यायचा आणि तेच तेच दोनदा सांगायचा. काही अडलं की धाकटी मला विचारायला लावायची. वेल गुडघ्याएवढे झालेत, शिकारी सोडू का, म्हणून तिला विचार. थोरली म्हणायची, तिला सांग, कालच सोडायला हवे होते, मूर्ख बाई. मी मूर्ख बाई वगळून बाकीचं पोचवायची. धाकटी लगेच विचारायची, मला काय म्हणाली ती?

बोलणं त्यांचं पुन्हा कधी सुरळीत झालं नाही. थोरलीच्या नवऱ्याला मात्र धाकटी दादा म्हणायला लागली. तो तिच्या बाजूला जाऊन बसायचाही कधी कधी, आणि थोरली त्यावरून त्याच्याशी भांडायची.

काही वर्षांनी लाल कोळ्यांवरची औषधं सगळ्यांचीच चालेनाशी झाली. त्याच चेअरमननं दोघींना सभेत बोलावलं, की तुम्ही कसं करता ते लोकांना सांगा. आधी धाकटी उठली. तिनं आपल्याविषयी एक शब्द सांगितला नाही; थोरलीनं काय काय चुकीचं केलं तेवढंच सांगितलं. आधीच्या विषावर शिकारी सोडले. जाळी धरल्यावर सोडले. वाळणाऱ्या वेलांकडे लक्ष दिलं नाही. मग थोरली उठली आणि तिनं धाकटीच्या चुका सांगितल्या. तिनं शिकारी सोडले आणि तरी एक पानही लाल राहू दिलं नाही, म्हणून ते उपाशी मेले. बुरशी भर उन्हात फवारली, वर दुसऱ्या दिवशी बुरशीनाशक मारलं. पंखे चालू असताना गंधक धुरळलं. इथं धाकटी मागून म्हणाली, ते सिद्ध झालेलं नाही. थोरली म्हणाली, पण शिकारी मेले ना? असं बराच वेळ चाललं. कुणी कुणाला थांबवलं नाही. पुढच्या रांगेतले दोघे तर लिहून घेत होते.

संपल्यावर लोकांनी थोरलीला घेरलं. ज्यानं पदर झटकायला लावला होता तोही आला आणि विचारलं, माझ्याकडे येऊन एकदा बघाल का? ती म्हणाली, येईन, पण बोलेन ते ऐकून घ्यावं लागेल. तो हो म्हणाला. चेअरमननं दोघींसाठी एकाच टेबलावर चहा ठेवला होता. धाकटी बसली. थोरलीनं आपला कप उचलला आणि ती दारात जाऊन उभ्यानं प्यायली. मी तिच्या शेजारी उभी होते. चहा फुळकवणी आहे, ती मला म्हणाली, आणि कप माझ्या हातात देऊन त्या माणसाच्या मागं त्याचे वेल बघायला निघून गेली.